कमरेपर्यंत

भांडीबाजाराच्या तोंडाशी मथुराबाई कासार
समया, घंटा, तांब्याचे गडवे मांडून बसते.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं
की ती उठते.
गंगापूरमधून किती हजार क्युसेक सोडलं,
ते पुढे वाढवणार की कमी करणार,
शेजारचा सोनवणे छत्रीखाली चहा फुंकत
"ओसरेल गं आता" म्हणतो,
काही ऐकत नाही.
हमाल बोलावते. सहाशे रुपये.
सुतळीनं बांधलेल्या समया चालल्या वर, तिवंध्याकडे.

मी अंबडच्या कारखान्यात व्हॉल्व्ह तपासतो.
किती दाबाला काय फुटतं
हे मला पगारी माहीत आहे.
तरी मी पुट विकले.

सतरा आठवडे विकले.
दर मंगळवारी दुपारी साडेतीनला
प्रीमियम शून्यावर विझायचा
आणि तीन हजार माझे व्हायचे,
कधी अठ्ठावीसशे, एकदा साडेतीन.
हेमलताला मिक्सर घेतला, पोरीला सायकल.
बाजार पडणार नाही, एवढंच तर विकत होतो मी,
जशी कोरड्या काठावरची जागा कुणी
पुराची जबाबदारी स्वतःकडे ठेवून भाड्यानं द्यावी.

अठराव्या आठवड्यात,
वर्कशॉपच्या संडासात, कडी लावून,
पाहिलं : उणे नऊ हजार.
माझा नियम सहाचा होता.
गोळ्यांच्या पाकिटामागे लिहिलेला, खिशातच.
तो काढला नाही.
आणखी दोन लॉट विकले.
याला आमच्यात सरासरी करणं म्हणतात.
उणे एकवीस.
बाहेरून कुणी दार वाजवलं.
उणे चाळीस.
"पोट बिघडलंय," मी ओरडलो. खोटं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत शहाऐंशी.
सतरा आठवडे त्यातून वजा केले
तर हाती उरला एक मिक्सर, एक सायकल
आणि पस्तीस हजारांचा खड्डा.
हेमलता पात निवडत होती.
"मिक्सर परत घेतात का?" म्हणाली.
त्यानंतर आठ दिवस चटणी पाट्यावर वाटली तिनं,
मिक्सर समोर असताना.

श्रावणात मथुराबाईला विचारलं,
"चुकतं की तुमचं. यंदा तीनदा उचललं,
दोनदा पाणी चढलंच नाही."
ती चिंचेनं घंटा घासत होती.
"चुकू दे. सहाशेत चुकते मी.
सोनवण्याचं नऊदा बरोबर आलं.
दहाव्यांदा त्याचं कपाट टाकळीच्या पुलाला अडकलेलं सापडलं."
"मग गुडघ्यालाच का नाही उठत?"
"गुडघ्याला उठले तर विकू कधी, बाबा?"
आणि घंटा वाजवून बघितली,
माझ्यासाठी नव्हे, गिऱ्हाईक आलं होतं.

परवा पुन्हा बसलो.
एकच लॉट विकला, आणि खाली
एक स्वस्त पुट विकत घेतला, बांध घातल्यासारखा.
कमाई त्यानं निम्मी झाली. होऊ दिली.
अकरा वाजता उणे पाच हजार नऊशे.
बोट थरथरत होतं, पण दाबलं.
साडेबाराला बाजार उसळून वर आला.
ठेवला असता तर आज दोन हजार माझे होते.
हे मी घाटाच्या पायऱ्या उतरताना
कितीदा म्हटलं, मोजलं नाही.

मारुतीच्या कमरेवर ओली रेघ होती,
खाली पाणी मागे सरत होतं.
मथुराबाईचा हमाल आला नव्हता.
तिवंध्यापासून दुकानापर्यंत
मी समया आणल्या, चार खेपा,
पाचव्या खेपेला एक गडवा पडून पोचला.
तिनं त्याचे चाळीस कापले
आणि साठ हातावर ठेवले.
घेतले.

घरी हेमलतानं वर न बघता विचारलं,
"आज किती?"
म्हटलं, साठ.